ताडी थंड असते म्हणे

प्रिय गोजरा,

फोनवर तू आधी ‘जेवलात का?’ विचारतेस, मी ‘हो’ म्हणतो आणि पुढचं सगळं घशातच राहतं. म्हणून हे पत्र. आपल्या पोराला, कैलासला, वाचायला देऊ नकोस, चष्मा लावून तूच वाच.

दारू सोडली हे तुला सांगितलं होतं, ताडीचं सांगितलं नव्हतं. आमच्या खात्यातला प्रदीप म्हणाला, दारू गरम आणि ताडी थंड, जळलेलं लिवर ताडीनं निवतं. मला लगेच पटलं, आपल्या सोयीचं होतं ना! सकाळची नीरा दुपारी पाळी सुटेपर्यंत आंबून ताडी होते, हे बोईसरात शेंबडं पोरही सांगेल. तरी मी नवापूरच्या रस्त्यावर ताडी विकणाऱ्या नवसीच्या झोपडीत बसून औषध म्हणून ग्लासावर ग्लास रिचवत होतो, वर पथ्य पाळल्याचा तोरा. कंपनीच्या तपासणीत डॉक्टरबाईंनी पिवळे डोळे पाहिले आणि अशी हजेरी घेतली म्हणतेस! लिवरला सूज आहे. अजून सावरेल, पण ताडीसुद्धा दारूच, थेंबही नको. तुझी भुईआवळ्याची पूडही त्यांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही.

तेव्हापासून बंद आहे, तुझी शपथ. भूक लागते, झोपही येते. संध्याकाळ मात्र खायला उठते. झोपडीच्या बाकावर चार माणसं तरी शेजारी असायची. आता प्रदीप पाळी सुटली की दुसऱ्या रस्त्यानं जातो, मला मोह नको म्हणून. चांगल्या मनानंच जातो बिचारा. मी खोलीवर येतो, भात टाकतो, एकटाच जेवतो, आणि जेवण उरकलं तरी बाहेर उजेडच असतो. परवा बाजारात नवसी भेटली. “काका, कुठं होतास? दिसला नाय. आजारी हाय का?” म्हणाली. एवढ्या मोठ्या गावात माझी चौकशी केली ती ताडीवालीनं. मला रडूच आलं गं.

काल पाय आपोआप नवापूरच्या रस्त्याला लागले. अर्ध्या वाटेतून परतलो. उद्या परतेन असं छातीठोक सांगत नाही. जिच्यासाठी तू कैलासकडे राहिलीस ती नात आता शाळेत रुळली आहे, सूनबाई निभावून नेईल. डॉक्टरबाईंनी विचारलं होतं, घरी सोबतीला कोण असतं? मी म्हणालो, बायको असते. गोजरा, माझं तेवढं खोटं खरं करायला ये.

तुझाच,
खंडेराव