साचा बंद झाल्यावर

४ फेब्रुवारी

या दोन हातांनी केलेलं — शेडचं छप्पर, खालच्या आधाराच्या कैच्यांसकट. कामाचं टेबल, जुन्या दारांच्या फळ्यांचं. अजून हलत नाही. लेकीचा पाळणा. बायकोच्या शिलाई मशीनचं खोकं, कडी-कोयंड्यासह. आणि भिंतभर पॅटर्न! पंपांचे, कप्प्यांचे, दातेरी चाकांचे. पॅटर्न लाकडाचा. तो वाळूत दाबून अलगद काढून घ्यायचा आणि राहिलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. लोखंड निवताना आकसतं, म्हणून पॅटर्न अंमळ मोठा ठेवायचा. किती मोठा, ते मला कुणी शिकवलं नाही. फाउंड्रीच्या कुंपणाबाहेर उभा राहून शिकलो.

आज हे लिहायचं कारण — काचबिंदू. उजव्या डोळ्याची गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. "डावा सध्या चांगला आहे." त्या 'सध्या'वर ते जराही थांबले नाहीत. मी अजून तिथेच थांबलोय.

७ फेब्रुवारी

मोठा कारखानदार स्वतः आला. शेड, हत्यारं, सगळे पॅटर्न विकत मागतो. मापं संगणकात उतरवून घेणार, मग लाकूड जाळणार. अट अशी की मी पुन्हा कुणाचंही काम घ्यायचं नाही. "आता आराम करा. या वयात जोखीम कशाला?" या वयात म्हणे! चोपन्न म्हणजे काय वय झालं? महिनाअखेर उत्तर द्यायचंय.

८ फेब्रुवारी

झोप नाही.

११ फेब्रुवारी

बायकोला ४ तारखेचं पान वाचून दाखवलं. उसवलेली बाही हातात होती, मान वर न करता म्हणाली, "छान. आणि हात? डोळे? तेही तुम्हीच रंधा मारून बसवले होते वाटतं?"

मी चिडलो. "बरं, देवाने दिले. मग काढून का घेतोय?"

तिने दोरा तोडला. "ते मला ठाऊक नाही हो. सगळं ठाऊक असतं तर विश्वास कशाला लागला असता?"

तिचं म्हणणं मापात बसेना, आणि खोडूनही काढता येईना.

१५ फेब्रुवारी

आज सारखा फाउंड्रीतला म्हातारा मोल्डर आठवतोय, वाळूचे साचे भरणारा. कुंपणाबाहेर मला रोज बघून एकदा ओरडला होता, "चोरायचंच आहे तर आत येऊन चोर की!" पण शिकवलं असं काही नाही. वाळू मुठीत दाबायचा, मूठ उघडायचा आणि गोळा माझ्या नाकासमोर धरायचा. मोडला तर कोरडी. बस्स. संध्याकाळी भट्टी पेटली की अख्खी गल्ली तांबूस व्हायची, आई लांबूनच हाका मारायची, आणि जळक्या वाळूचा वास मी अंगावर घेऊन घरी जायचो. त्या वासाने मला अजून भूक लागते.

ओतून झालं की म्हातारा पालथ्या बादलीवर बसून गुणगुणत राहायचा. मी साच्याभोवती घिरट्या घालायचो. "आत काय चाललं असेल हो?"

"ते आपलं नाही. वाळू नीट दाबली? वाफेला वाट नीट ठेवली? मग झालं आपलं."

"पण थोडं उघडून —"

"उघड! लवकर उघडलेलं चाक तडकतं. भीतीने उघडलेलं तर हमखास."

तेव्हा वाटलं, म्हातारा कंटाळा करतो.

१९ फेब्रुवारी

पाण्याच्या पंपाच्या चाकाचा पॅटर्न करायला घेतलाय. पट्टीवरच्या बारीक रेघा एकमेकींत मिसळतात. बायको माप वाचते.

"तीन आणि वर दोन छोट्या रेघा."

"दोन की अडीच?"

"दोन आणि जराशी."

"जराशी हे माप नाही!"

"मग ओरडू नका, नीट बघू द्या. तुमच्या लोखंडाला चालेल, तुम्हालाच चालत नाही!"

शेवटची कड मी डोळे मिटून अंगठ्याने तपासली. खडबडीत जागा लगेच सापडली. डोळे उघडे होते तेव्हा ती सुटली होती.

२२ फेब्रुवारी

विकायची कारणं शोधत बसलो. प्रत्येक कारण खरवडून पाहिलं. खाली एकच — भीती.

२४ फेब्रुवारी

संध्याकाळी फाउंड्रीत चाक ओतलं. फाउंड्री आता म्हाताऱ्याची लेक चालवते. आवाज बापाचा, शिव्याही बापाच्या. सगळे हात धुवायला गेले आणि मी पहार घेऊन साच्याजवळ! माप चुकलं असेल तर आत्ताच कळू दे, एवढंच डोक्यात. पहार टेकवलीसुद्धा.

"काका! ठेवा ती खाली! आबांनी तुम्हाला एवढंही शिकवलं नाही?"

ठेवली. लाज वाटली. मग वाळूच्या ढिगाशी बसलो. मला मागायची सवय नाही, म्हणून बोलायला वेळ लागला. मनातच म्हटलं, देवा, जमलं तेवढं मी केलंय. पुढचं मला दिसत नाही. तुला दिसत असेल. तू बघ.

एवढंच. आकाशवाणी वगैरे काही झाली नाही. घरी आलो, जेवलो आणि गाढ झोपलो — साचा उघडायच्या आधी!

२५ फेब्रुवारी

चाक बाद! आत एका बाजूची वाळू ढासळली होती. मोल्डरची लेक स्वतःलाच शिव्या घालत होती. पॅटर्नचं माप मात्र बरोबर — 'जराशी'सकट. पॅटर्न शाबूत आहे, पुन्हा वाळू भरायची, पुन्हा ओतायचं.

नवल याचं वाटलं की कालची झोप वाया गेली असं वाटलं नाही. मी झोपलो ते काही चाक चांगलं निघेल या खात्रीने नव्हे.

बायकोला सांगितलं. म्हणाली, "आता आलं ध्यानात?" आणि जरा जास्तच हसली.

२८ फेब्रुवारी

सकाळी डॉक्टर. डाव्या डोळ्यालाही सुरुवात झालीय. थेंब दिलेत, पण खात्री देत नाहीत.

तिथून तसाच कारखानदाराकडे गेलो आणि नाही म्हणून आलो. शेड, हत्यारं, भिंतीवरचे सगळे पॅटर्न आणि माझं हातावर हात ठेवून बसणं — मिळून एकवीस लाख देत होता, रोख.