वाडीपर्यंतचा रस्ता

बाई,

आज पाहुण्यांची खोली झाडली. कुणी येणार आहे म्हणून नाही, बंद खोलीला कुबट वास सुटला होता म्हणून. खिडकी उघडली तर खाली घाटातून महाबळेश्वरकडे चढणाऱ्या गाड्या दिसल्या, एकामागे एक, आणि तुमचा भूगोलाचा तास आठवला. तुम्हाला जाऊन एक तप उलटून गेलं. तुम्हाला सांगण्यासारखं बरंच साठलं होतं आणि त्यातलं चांगलं आधी सांगावं म्हणून मी थांबले होते. आता चांगलं काही यायचं उरलेलं नाही, तेव्हा आहे तेच सांगते.

तुम्ही रोज महाडहून एस.टी.ने पोलादपूरच्या शाळेत यायचात. मी वाडीवरून चालत घाटरस्त्याला उतरायचे आणि मिळेल त्या गाडीने खाली यायचे. नववीत वाहतुकीचा आणि पर्यटनाचा धडा आला तेव्हा तुम्ही पुस्तक उघडलंच नाही. सगळा वर्ग घेऊन स्टँडवर गेलात, आम्हाला कट्ट्यावर बसवलंत आणि म्हणालात, "गाडीतून कोण उतरतं, कुठं जातं, काय खातं ते नुसतं बघा." मुंबईची गाडी लागली की वडेवाला पळायचा, महाबळेश्वरची लागली की मुली काकड्या घेऊन खिडक्यांशी जायच्या. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं, की गाडी थांबते तिथं चूल पेटते. दुसऱ्या दिवशी तुम्ही 'माझ्या गावातील पर्यटन' यावर लिहून आणायला सांगितलंत. मी एकच ओळ लिहिली. आमच्या गावात पाहण्यासारखं काही नाही. तुम्ही मला उभं केलंत. माझ्या पोटऱ्यांना अजून त्या बाकाची कड टोचते.

"हे काय लिहिलंस?"

"खरंच नाही बाई काय आमच्याकडं. डोंगर नि गुरं."

"पाहण्यासारखं नाही, की पोचण्यासारखं नाही? ही दोन वेगळी वाक्यं आहेत. खरं कुठलं ते ठरव आणि मग लिही."

वर्ग हसला. मी रडकुंडीला आले होते. घरी जाताना चढावर थांबून मी प्रथमच मागे वळून खोऱ्याकडं पाहिलं, रागानेच पाहिलं, आणि पाहतच राहिले. बाई, तुमच्या त्या बोलण्यावर मी पुढचं सगळं आयुष्य उभं केलं. तुम्हाला तेव्हा हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

त्याच वर्षी तुम्ही आम्हाला दासगावला नेलंत. सावित्रीच्या काठाशी उभ्या राहून तुम्ही सांगत होतात, की तुमची आई लग्न होऊन लाँचमधून इथं उतरली होती, मुंबईहून बोटीने खाडीत आणि खाडीतून भरतीच्या पाण्यावर इथवर. तेव्हा बंदरावर खानावळी होत्या, बैलगाड्या उभ्या असायच्या. मग गाळ साचला, सडक झाली, आणि माणसं बंदराकडं यायची थांबली. आम्ही बघतोय तर समोर नुसतं गढूळ पाणी आणि एक पालथी घातलेली होडी. कुणीतरी विचारलं, "मग त्या खानावळवाल्यांचं काय झालं, बाई?" तुम्ही म्हणालात, "ते पुस्तकात नसतं." आणि आम्हाला रेल्वेचा रूळ दाखवायला घेऊन गेलात. वीर स्टेशनात गाड्या थांबायला लागून तेव्हा फार दिवस झाले नव्हते. रुळाकडं बघताना तुम्ही अशा खुशीत होतात, की तो प्रश्न आम्ही विसरलो.

माझं लग्न शेजारच्याच वाडीत झालं. हे जीप चालवायचे, पोलादपूर ते महाड, माणशी भाडं घेऊन. वाडीला कच्चा रस्ता झाला, मग त्यावर डांबर पडलं, आणि मी ह्यांच्या मागे लागले की घराला लागून एक मोठी खोली काढू, पाहुणे ठेवू. सासूबाई चुलीपुढून बोलल्या, "हितं कोन येनार गो? हाय काय हितं? आपलीच पोरं मुंबयला पळतात." मी तुमचंच वाक्य त्यांना ऐकवलं. त्यांनी फुंकणी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "तुझ्या बाईला सांग, आधी तू येऊन दाखव."

आणि तुम्ही आलात. गुडघे दुखत होते, निवृत्त झाला होतात, तरी महाडहून एस.टी.ने पोलादपूर आणि तिथून ह्यांच्या जीपमधून वर. हातात आठ लिटरचा कुकर. खोलीच्या दारात तो माझ्याकडं देत म्हणालात, "पाहुणा प्रवासातून येतो तो भुकेला येतो. त्याला ताटकळत ठेवू नकोस." मग तुम्ही चुलीपाशी सासूबाईंच्या शेजारी पाटावर बसलात, नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं खाल्लंत आणि दुसरी भाकरी मागितलीत. सासूबाई नंतर कितीतरी दिवस वाडीत सांगत होत्या, "मास्तरीणबाय आमच्याकडं दोन भाकऱ्या जेवली."

त्यानंतरची काही वर्षं खरंच बरी गेली. तुम्ही त्यांतली थोडी पाहिलीत. वीरला उतरणाऱ्यांना हे जीप घेऊन आणायला जायचे. रायगडला रोपवेने जाऊन आलेली कुटुंबं संध्याकाळी आमच्याकडं मुक्कामाला यायची. प्रतापगड बघून घाट उतरणारे पुण्याचे लोक जेवायला थांबायचे. पावसात मोटरसायकलवाली पोरं यायची, निथळत, आणि चुलीभोवती बूट वाळत घालायची. मला एक गंमत वाटायची, माणूस कशातून आला त्यावरून तो कसा राहील हे समजतं. रेल्वेने आलेला निवांत असतो, त्याला परतीची वेळ माहीत असते, तो अंगणात बसून सासूबाईंशी गप्पा मारतो. स्वतःच्या मोटारीने आलेला सारखा आभाळाकडं आणि रस्त्याकडं बघतो. एस.टी.ने आलेला ताट धुऊन ठेवतो. हे तुम्हाला सांगायचं म्हणून मी महाडला आले होते, तर तुम्ही खाटेवर होतात आणि ओळखायला वेळ लागला. ओळखल्यावर विचारलंत, "येतात का गं माणसं?" मी म्हटलं, "येतात बाई, जागा पुरत नाही." तुम्ही डोळे मिटून हसलात. त्या दिवशी ते खरं होतं. नंतर थोड्याच दिवसांनी तुम्ही गेल्याचं समजलं.

त्यानंतर सगळं एकदम बिघडलं असं झालं नाही. आधी वाडीत रात्री मुक्कामाला राहणारी एस.टी. बंद झाली. प्रवासी नाहीत म्हणाले, आणि खरंच नव्हते. त्याच गाडीने एकेक घर मुंबईला गेलं होतं. रस्ता नव्हता तेव्हा माणसं गणपतीला आणि शिमग्याला येऊन महिनाभर राहायची. रस्ता झाला आणि सकाळी येऊन संध्याकाळी परत जायला लागली. मग खाली हमरस्ता चौपदरी झाला. पोलादपुरात तो खोल चरातून काढला. गाड्या गावाच्या खालून सुसाट जातात. तुम्ही आम्हाला बसवलं होतंत त्या कट्ट्यावर आता कुणी बघण्यासारखं उतरत नाही. आणि दर पावसाळ्यात घाटात दरड येऊ लागली. धबधबे बघायला लोक ज्या दिवसांत येतात, नेमका त्याच दिवसांत घाट बंद. मी फोनवर 'चालू होईल, होईल' म्हणत राहायचे, आणि ते लोक दुसरीकडं जायचे. त्यांचं तरी काय चुकलं?

एका पावसाळ्यातलं मात्र सांगायलाच हवं. पुण्याहून चार जण आले होते, तिशीतली मुलं, दोन दिवसांसाठी. दुसऱ्या पहाटे डोंगर कडाडला आणि आमच्या वाडीच्या रस्त्याचं एक वळण अख्खं खाली दरीत गेलं. माणूस कुणी दगावलं नाही. पण जीप पलीकडं घाटरस्त्याला उभी होती आणि आम्ही अलीकडं अडकलो. त्याच सकाळी सासूबाईंच्या छातीत दुखायला लागलं. त्या भिंतीला टेकून बसल्या, तोंडावर घाम. वाडीत तेव्हा उचलायला माणसं कोण, म्हाताऱ्या नि दोन लंगडे काका. ह्यांनी घोंगडी बांबूला बांधून झोळी केली आणि माझ्याकडं बघितलं. मी एक टोक धरायला पुढं झाले.

त्या चारांतला एक, चष्मेवाला, म्हणाला, "काकू, तुम्ही सरका. आम्ही घेतो."

"पाहुण्यांनी नाय घ्यायची," हे म्हणाले. "आमाला पाप लागंल."

"दादा, पाप-पुण्याचं नंतर बघू. कुठून उतरायचं तेवढं सांगा."

ते उतरले. तुटलेल्या रस्त्याच्या वरच्या अंगाने, करवंदीच्या जाळीतून, चिखलात गुडघाभर. हे पुढं वाट काढत, मी मागे छत्री धरून, जिचा काही उपयोग नव्हता. झोळीतून सासूबाईंचा आवाज येत होता. त्यांना स्वतःचं काही नव्हतं. "पोरांनी च्या नाय घेतला गो," त्या म्हणत होत्या. "सकाळपासून उपाशी हायती. पिठलं नाय, भाकर नाय." खांदे बदलताना चष्मेवाला वाकून म्हणाला, "आजी, महाडला पोचलो की घेऊ चहा."

आम्ही जीपपर्यंत पोचलो. जीप चालू झाली. पोलादपूरच्या अलीकडं सासूबाईंचा हात माझ्या हातात जड झाला. मी ह्यांना सांगितलं नाही, कारण गाडी घाटात होती. मुलं मागे बसली होती, त्यांना समजलं होतं. महाडच्या दवाखान्यापर्यंत मी तो हात सोडला नाही.

त्यांतल्या एकाने नंतर आमच्या जागेबद्दल इंटरनेटवर लिहिलं. ह्यांच्या फोनवर मी ते वाचलं. 'माणसं सोन्यासारखी आहेत. जागा फार सुंदर आहे. पण पावसाळ्यात जाऊ नका. काही झालं तर बाहेर पडायला वाट नाही.' त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. मी त्यांना आजही दोष देत नाही. त्यांनी आमच्या माणसाला खांद्यावरून नेलं. पण त्यानंतर फोन वाजायचे थांबले ते थांबलेच. भूगर्भवाले येऊन डोंगराला भेगा आहेत असं सांगून गेले, आणि उरलेली घरं खाली हलायला लागली. ह्यांनी जीप ठेवली आहे, पण आता ते महाडच्या औद्योगिक वसाहतीत कंपनीची बस चालवतात. पाळीची माणसं न्यायची, पाळीची माणसं आणायची. मी एकदा विचारलं, "कंटाळा नाय येत?" तर म्हणाले, "त्यातली कोन खिडकीतून भायेर बगत नाय. मला बरं हाय." पूर्वी ते वीरहून येताना प्रत्येक वळणावर जीप थांबवून पाहुण्यांना दरी दाखवायचे. त्यांना आता त्याची आठवण करून दिलेली आवडत नाही.

तुमचा धडा चुकीचा होता असं मी म्हणत नाही, बाई. साधन आलं की माणूस येतो, माणूस आला की चूल पेटते, हे सगळं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. तुम्ही दासगावला जे सांगितलं नाहीत तेवढंच मला आता माहीत झालंय. खानावळवाल्यांचं काय होतं ते. काही मोठं होत नाही. भांडी माळ्यावर जातात. सकाळी उठून माणूस सवयीने जास्तीचं पाणी तापत ठेवतो आणि मग आधण उतरवतो.

हे पत्र मी कुणाकडं देणार नाही. पोस्टमनही वर येत नाही आता, पोलादपुरातच टपाल ठेवतो. तुम्ही असतात तरी तुमच्यापर्यंत ते पोचलं असतं की नाही कोण जाणे. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय कागद बाजूला ठेवता येईना.

यंदा दिवाळीनंतर वाडीचा रस्ता पुन्हा बांधला. संरक्षक भिंत घातली, डांबर ओतलं. चांगला झालाय. आणि परवा दुपारी, किती दिवसांनी, फोन वाजला. ठाण्याचे कुणी गृहस्थ होते, बोलायला अदबशीर. म्हणाले, "आईला घेऊन यायचंय. तिचं बालपण कोकणात गेलं, डोंगर बघायचाय म्हणते. फार चालवत नाही तिला. गाडी दारापर्यंत येते ना?" मागून त्या म्हाताऱ्या बाईंचा आवाज येत होता, विचार रे, चुलीवरचं जेवण मिळेल का.

मी म्हटलं, "नाही हो. रस्ता तुटलाय. गाडी येत नाही."

ते "बरं, बरं, पुन्हा कधीतरी" म्हणाले. मी फोन ठेवला. अंगणात ह्यांची जीप उभी होती.