नाव बदलायचा फॉर्म

३ मार्च, सोमवार
पुन्हा बर्फ. परदेशातल्या या नोव्हाय गावात मार्च म्हणजे नुसता कॅलेंडरवर. मृण्मयीला शाळेत इंग्लिशला एक छोटी कादंबरी लावलीय, आफ्रिकेतल्या लेखिकेची, विज्ञानकथा. पोरगी त्यातच बुडालीय. जेवताना विचारलं, कशावर आहे गं? "कमिंग ऑफ एज. म्हणजे, वयात येणं." नवऱ्याला, संदीपला, ठसका लागला. मी म्हटलं, अगं बाई, मोठं होणं म्हण. हिने पानातून डोकं वर काढलं नाही.

६ मार्च, गुरुवार
पुस्तक बेडवर विसरून गेली. वाचलं. तिच्याशी बोलायला काही विषय हवा म्हणून, बाकी काही नाही. तळ्याकाठची वस्ती, तळ्यात उतरणारं यान. मुलगी मोठी झाली की आई तिचं नाव सगळ्यांसमोर परत घेते. मुलगी स्वतःचं नवं नाव सांगते, तेव्हाच यानाचं दार उघडतं. आई काठावर. तिचं पुढे काय झालं, लेखिका सांगतच नाही. राग आला मला.

समासात मृ.चं अक्षर. "आई सेज धिस एव्हरी बर्थडे. नाव काढ. टेक आउट युअर नेम."
दर वाढदिवसाला ओवाळून म्हणते ना मी, मोठी हो, नाव काढ! हसू आवरेना. मग खालची ओळ वाचली. "टर्न एटीन. फाइल द फॉर्म."

९ मार्च, रविवार
राहवलं नाही, विचारलं. आधी "यू रेड माय नोट्स?" वरून भांडण. मग म्हणाली, वर्गात नवी टीचर हजेरी घेताना माझ्या नावाशी अडते, सगळे वळून बघतात, ती तोंड उघडायच्या आत मी हिअर म्हणून टाकते. बारा वर्षं.
म्हटलं, किती शोधून ठेवलं होतं आम्ही.
"यू पिक्ड इट फॉर यू, आई."
नाव काढ म्हणजे तसं नाही गं, काहीतरी करून दाखव, लोकांनी तुझं नाव घ्यावं असं.
"व्हिच नेम? दे कान्ट से इट."
सं. म्हणाला, अठरा झाली की आपली सही लागत नाही, मी वाचलंय. याला वाचायला बरं सुचलं.

१५ मार्च, शनिवार
तिला हाक मारायचंच टाळतेय. "अगं" वर भागवते. अगं, जेवायला ये. अगं, मोजे. नवं नाव काय घेणार, सांगत नाही. तिलाही ठाऊक नाही म्हणे. रोज वाटतं आज नीट समजावू, आणि समजावण्यासारखं माझ्याकडे काही नसतं.

२१ मार्च, शुक्रवार
अठरा पूर्ण. ओवाळलं. "मोठी हो" म्हणाले आणि थांबले. पुढचं गिळलं. ती वाट बघत होती असं वाटलं. की मलाच तसं वाटून घ्यायचं होतं...

२३ मार्च, रविवार
डायनिंग टेबलवर फॉर्म. तिला जन्माचा दाखला हवा होता. हरवला सांगावं असं मनात आलं. पण काढून दिला.
"आई, हू इज वीणा?"
दाखल्यावर आईचं लग्नाआधीचं नाव असतं. हॉस्पिटलमध्ये मीच सांगितलं होतं, विसरूनही गेले होते. म्हटलं, वीणा म्हणजे मी. लग्नात ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो. अनुराधा लिहिलं. सासूबाईंनी निवडलेलं.
"डिड दे आस्क यू?"
नाही.
"डिड यू माइंड?"
सं. जिन्यातच थबकला. बावीस वर्षांत हे मला कुणी विचारलेलं नाही, त्यानेही नाही. सगळ्याजणी बदलायच्या गं, एवढंच म्हणाले. रडू यायला लागलं म्हणून गॅसकडे वळले. उगाच दूध ठेवलं.
मागून अडखळत, हळू आवाजात: "वीणा?"
माझी आई गेल्यापासून या नावाने कुणी हाक मारली नव्हती. "ओ" म्हणाले. आपोआप गेलं तोंडातून. ती हसली नाही.
फॉर्मवर नव्या नावाची जागा अजून कोरी आहे. उद्या शाळा सुटल्यावर तो द्यायला कोर्टात जायचंय, तू येशील का, विचारतेय. गाडी तिला चालवता येते, माझी सहीही लागत नाही, तरी.