उंबरावरचं गाडगं

लोधिवली, ता. ४ डिसेंबर १९२७

चि. विठूस सोनूताईचे आशीर्वाद. वि. वि.

आबा एकदा म्हणाले होते, विठू स्वतःसाठी खोटं बोलणार नाही, पण दुसऱ्यासाठी बोलेल. आज ते आठवलं म्हणून सरळ विचारते.

काल माझा दीर कान्हा करंजाहून आला. किनाऱ्याला लागलेला हात फडक्यात बांधून आणला. म्हणाला, वयनी, हा आमचा गजाच हाय. मिठाच्या मचव्यावर गेलेले तुझे भावोजी दोन पावसाळे परतले नाहीत, हे खरं. पण नुसत्या हाडांवरून माणूस कसा ओळखला? सासूबाई म्हणतात, आईला कळतं गं. अस्थी घरात नेत नाहीत म्हणून गाडगं दारच्या उंबराला टांगलंय. सोमवारी दहावा. त्याच दिवशी माझ्या बांगड्या फुटतील.

शेत दोघा भावांचं, म्हणून मला कान्हाचाच संशय येतो. तो म्हणतो, विठूनं पाहून सांगितलं. खरंच पाहिलंस?

पोरांना पापा. माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

तुझी सोनूताई


करंजा, ता. ७ डिसेंबर

ती. सौ. सोनूताईस विठूचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

कान्हावर संशय घेऊ नकोस. तो वाळूत बसून पोरासारखा रडला. हात मीच पाहिला आणि हो म्हणालो. रोज संध्याकाळी तू चौक गावच्या रस्त्यावर वाट बघत उभी राहतेस, हे इथवर ऐकू येतं. पुरे झालं आता. दहावा झाला की इकडे ये. शकू म्हणते, तिच्या कालवणाला नावं ठेवणारी नणंद घरात हवीच.

धाकट्यावर लोभ असू दे.

तुझा विठू


लोधिवली, ता. ९ डिसेंबर

चि. विठूस आशीर्वाद.

तुझ्या पत्रात मी अजून सौ. आहे. मला विधवा लिहायला हात धजला नाही ना?

काल सगळे खळ्यावर गेल्यावर मी गाडगं उतरवलं. आमचे हे भाताचे भारे मोजायचे ते बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवून. तसाच मी त्या हाडांवर फिरवला. तीन पेरं झाली तरी बोट संपेना. पुढे आणखी पेरं, आणखी.

लहानपणी आपल्या किनाऱ्याला गादा लागला होता. पाण्यातून उसळ्या मारणाऱ्या, पिलांना दूध पाजणाऱ्या त्या माशाचा पंख सोलून आबांनी आतली लांब बोटं दाखवली होती. तू माझ्या शेजारीच उभा होतास.

म्हणजे तू ओळखलंस, विठू. माझं वाट बघणं संपावं म्हणून हो म्हणालास. मी उगाच कान्हाला बोल लावला. हे बुडाले असतील तर मी रडेन, पण गाद्याच्या हाडांसाठी बांगड्या फोडणार नाही.

माझं इथे कुणी ऐकत नाही. म्हणतात, बाईला पटत नाय. सोमवारच्या आत ये आणि उंबराखाली उभा राहून सासूबाईंच्या देखत सांग, हा गादा आहे. चारचौघांत खोटा ठरायला तू येणार नाहीस, हे ठाऊक आहे. तरी ये.

तुझी
सौ. सोनूताई