पेटी बंद की भोकाची

बायो,

तुझी शिफ्ट संपेपर्यंत थांबणार होतो, पण निघावं लागलं. तुझ्या आईचे जुने स्पीकर हॉलमध्ये जोडून ठेवलेत. डावा बंद पेटीत बसवलाय, उजव्याच्या पेटीला मागून भोक आहे. सुतार म्हणाला, "भोकाने ठेका घुमतो काका, बंद पेटीत गळा स्वच्छ येतो. एक काय ते ठरवा, म्हणजे दुसरी पेटीही तशीच करतो."

सकाळपासून आईची आवडती रेकॉर्ड दोन्हींवर आलटूनपालटून ऐकली. मला काडीचा फरक कळेना. आवाज वाढवत गेलो, तर वरच्या मजल्यावरच्या वहिनी थेट खिडकीशी येऊन हातवारे करायला लागल्या. "किती वेळ बेल वाजवतेय, भाऊजी!" बेल मला ऐकूच आली नव्हती.

म्हणून कानाच्या डॉक्टरांकडे चाललोय. फोनवर घरचं कोणीतरी बरोबर आणा म्हणाले, पण तुझी रजा कशाला खर्च करायची?

पेटी तूच निवड. तुझ्या कानाला बरी वाटेल ती सुताराला कळव.

आणि एक. हल्ली जेवताना तू गप्पच असतेस, असं मी धरून चाललो होतो. आज वाटलं, तू बोलत असशील.

बाबा