पाटा वाकत नाही

१ जानेवारी १९८५
माझ्या मुलाला, दत्तारामला, कंपनीतून डायरी मिळाली. तो काय लिहिणार? मी काढून घेतली. मला अक्षर येत नाही म्हणून काय झालं, सांगायला पुष्कळ आहे. लिहून घेते नात, क्षमा. ती बीएस्सीला दगड शिकते. आमच्या पार्कसाईट वस्तीत मी हे कोणाला सांगत नाही.
संकल्प: सव्वीस तारखेला हिचं कॉलेज दहा दिवस उदयपूरला दगड बघायला जातंय. मी पाठवणार नाही. दत्ताराम म्हणतो, आई हो म्हणेल तरच. ही म्हणते, नाही गेले तर वर्ष फुकट. जाऊ दे फुकट.

४ जानेवारी
विचारलं, दगडासाठी उदयपूर कशाला, मागे डोंगर आहे की. म्हणते, हा लाव्ह्याचा. तिकडचे फार जुने, जमिनीने दोन्हीकडून रेटून रेटून त्यांना घड्या पडल्यात, गोधडीसारख्या. दगडाला घडी! आणि याची फी भरतो आम्ही. तिकडचा वाकत असेल. आमचा कोकणातला दगड वाकत नाही. माणसंही नाहीत.
सून नलिनी मिक्सर मागते, तिलाही हेच उत्तर. सासूने दिलेल्या पाट्यावर चाळीस वर्षं वाटतेय. केसभर वाकलाय?

५ जानेवारी
पाटा दोन विटांवर आडवा ठेवला, वर तांदळाचा डबा. खाली दोरा ताणून बांधला. पाटा दोऱ्याला टेकला तर क्षमा उदयपूरला. ती म्हणाली, लाखो वर्षं लागतात. म्हटलं, मला घाई नाही.

९ जानेवारी
पाटा जसाच्या तसा. तो विटांवर असल्यामुळे वाटण शेजारच्या प्रेमाकडून आणलं. मिक्सरमधलं निघालं. खाल्लं, नाइलाजाने.
सहज म्हणून विचारलं, मुली किती. अकरा, आणि बरोबर बाई आहेत. माहिती असावी म्हणून विचारलं. जाणार नाहीच. जायचीच झाली तर स्वेटर लागेल.

१३ जानेवारी
संक्रांतीची चिक्की केली. क्षमाने चिक्कीची गरम पोळी लाटण्यावर टाकली, ती हळूहळू दोन्हीकडे लोंबली. गार झाल्यावर वाकवली, कटकन तुटली. म्हणते, दगडाचंही असंच. खोल, गरम जागी हळू दाबलं तर वाकतो. वर गार असताना दाब सहन झाला नाही की तुटतो, मग धरणीकंप.
चाळीस वर्षं चिक्की करतेय, मला शिकवते. म्हटलं, चिक्की म्हणजे दगड नव्हे. मग तोंडात घातली. दाढ हलली.

१६ जानेवारी, दुपार
उष्णतेची सबब नको म्हणून डबा उतरवला आणि पाट्याखाली स्टोव्ह पेटवला. तासभर. दोरा जळाला, पाटा वाकला नाही. तेवढ्यात बांगडे आले. वाटण हवं, पाटा लवकर निवावा म्हणून त्यावर तांब्याभर गार पाणी ओतलं.
दोन तुकडे.
नलिनी भांडं घेऊन प्रेमाकडे वाटणाला निघाली. ते जास्त लागलं. क्षमा तुकडे उचलत म्हणाली, "आजी, हळूहळू रेटलं की वाकतो. एकदम केलं की मोडतो. मी तुला एकदम काही म्हटलंय का?"
माझा काय संबंध, कळलं नाही. लिही म्हटलं: पाटा वाकला नाही. मी जिंकले.

२० जानेवारी
जिंकलेल्या माणसाने मन मोठं ठेवावं. जाऊ दे पोरीला. पण अटी माझ्या: बाईंचा हात सोडायचा नाही, आणि रोज एक पत्र. ती म्हणाली, आठवड्याला एक. संध्याकाळपर्यंत आठवड्यालाच एक ठरलं. माझ्याच मनाने.

२५ जानेवारी
बेसनाचे लाडू, माझी शाल, सुंठ. अर्धा पाटा ती कॉलेजला दाखवायला नेणार होती. दिला. डोळ्यांत पाणी आलं ते सुंठीने.

२ फेब्रुवारी
आज लिहिणारी नलिनी. मिक्सर आला. आवाज असा की मागच्या डोंगरातल्या खाणीचा सुरुंग परवडला. चटणी बेचव. दोनदा घेतली, खात्री करायला.
क्षमाचं कार्ड आलं, नलिनीने वाचलं. 'आजी, आज एक दगड पाहिला, पार दुमडलेला, कुठे चीर नाही. बाईंनी विचारलं, हा कसा वाकला असेल? मी म्हटलं, त्याचं त्यालाच कळलं नसेल.'
नलिनी खाली बघून हसत होती. म्हटलं, हसू नको, लिही: मी वाकले नाही. ती म्हणाली, लिहिते, आधी पहिल्या पानापासून वाचून दाखवू का?
नको म्हटलं.