सापाचं दूध आणि उंदरांच्या मार्तेनित्सा

गालिनदादास धाकट्या देसिमीरचा दंडवत. इकडे सोफियात मी आणि प्रयोगशाळेतले माझे उंदीर बरे आहोत (उंदीर वेळेवर जेवतात, मी आठवलं तर). पण तुझ्या पोटात गाठ आहे हे कळल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. आणि तू डॉक्टरकडे जायचं सोडून राकिया दारूच्या बरणीत 'सापाचं दूध' म्हणतात तो पाला मुरवून रोज घोट घेतोस! वर वहिनीला ऐकवतोस, "आपला देसिमीर हेच उंदरांना देतो, खडखडीत बरे होतात." म्हणून हा खुलासा.

दादा, आम्ही पाला देत नाही. त्याच्या पिवळ्या चिकातलं एकच द्रव्य वेगळं काढून, तोलूनमापून, इवलंसं टोचतो. काहींची गाठ बारीक झाली, खरं आहे. काहींचं यकृत कामातून गेलं, तेही खरं आहे. 'बरा' हा शब्द काढला तरी आमच्या प्रोफेसर रुसिनोवाबाई अंगावर येतात.

त्यात आला एक मार्च. आपल्याकडे त्या दिवशी निरोगी राहावं म्हणून कोकरालासुद्धा मार्तेनित्साचा दोरा बांधतात, मग आजारी उंदरांनीच काय घोडं मारलंय, असं त्सोंकामावशींचं (पिंजरे त्याच धुतात) म्हणणं पडलं. मला पटलं. आम्ही प्रत्येक पिंजऱ्याला तांबडा-पांढरा दोरा बांधला; औषध टोचलेले आणि नुसतं पाणी टोचलेले, असा भेदभाव केला नाही. सकाळी बघतो तर सगळ्यांची तोंडं लालभडक! औषधानं रक्त फुटलं म्हणून बाईंनी प्रयोगशाळा डोक्यावर घेतली. मग एकदम थबकल्या. "पाणीवाल्यांचीही तोंडं लाल? देसिमीर, इकडे ये!" लेकांनी दोरे खाल्ले होते, लोकरीचा रंग उतरला होता. पोटात लोकर गेलेले उंदीर प्रयोगाला चालत नाहीत. सगळं पुन्हा पहिल्यापासून.

बाई मनसोक्त ओरडल्या, मग खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "दोऱ्यानं गाठ जात असती तर माझी आई आज असती. मीच बांधला होता." मावशी रडल्या. मीही रडलो.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
देसिमीर

ता.क. बरणी ओतून टाक. कोंबड्या जातात तिथे नको.

ता.क. २. बुधवारी प्लॉवदिवच्या इस्पितळात तुझी वेळ घेतली आहे. मंगळवारी तुला न्यायला कार्लोवोला येतो. स्वतःसाठी तू यायचा नाहीस, म्हणून माझ्यासाठी चल. उंदरांच्या गाठी मी रोज मोजतो, दादा. तुझ्या गाठीचा विचारसुद्धा करवत नाही.